उताऱ्यावरचा शेतकरी

संकटकाळी सरकारने मदत किती दिली, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती कोणाच्या हाती पडली हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. पहिल्याचे उत्तर घोषणेत सापडते. दुसऱ्याचे शोधण्यासाठी बांधावर जावे लागते. कोरोनाच्या काळात हुबळी-धारवाडसह कर्नाटकातील शेतकऱ्यांना मिळालेल्या साहाय्याचा विचार आज करावासा वाटतो, तो याच कारणास्तव.

२०२० साली नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. देवळे बंद, जत्रा रद्द, लग्ने लांबणीवर. साहजिकच घाटावरची फुले शेतातच सुकली. तिकडे गिऱ्हाइकाअभावी भाजी कुजली आणि इकडे तीच भाजी न आल्यामुळे गोमंतकातील बाजार ओस पडले. कोंबडी खाल्ल्याने रोग जडतो, अशा खोट्या आवईने कुक्कुटपालन बसले व त्यासरशी कोंबडीखाद्यात जाणाऱ्या मक्याचा भावही कोसळला.

कर्नाटक सरकार स्वस्थ बसले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ६ मे २०२० रोजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी १,६१० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत फुलशेतीला हेक्टरी २५,००० रुपये होते, मात्र एका हेक्टरच्या मर्यादेत. त्याच महिन्यात फळे व भाजीपाल्यास हेक्टरी १५,००० आणि सुमारे १० लाख मका उत्पादकांना प्रत्येकी ५,००० रुपये घोषित झाले. रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होणार असल्याने मधल्या हातांना वाव उरला नाही, हाही गुणच होय.

परंतु मक्याचा त्या हंगामाचा आधारभूत भाव क्विंटलला १,७६० रुपये होता. क्विंटलमागे ५०० रुपयांची तूट धरली, तर ५,००० रुपयांत दहाच क्विंटलांची भरपाई होते. तरीही बुडत्याला तो काडीचा आधार होता. ज्याला ही काडीही लाभली नाही, त्याचे काय?

मदत ठरली ती पीक-पाहणीच्या आणि जमिनीच्या नोंदींवरून. कर्नाटकाने १९७४ साली कूळवहिवाट मोडीत काढली. हेतू उदात्त होता आणि त्यातून असंख्य कुळे मालक झाली. मात्र त्यामुळे खंडाने जमीन कसणे थांबले नाही, ते फक्त तोंडी झाले. बी, खत, मजुरी यांचा खर्च करणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे! वारसनोंद न झाल्याने आजोबांच्याच नावावर राहिलेली जमीन कसणाऱ्या नातवाची अथवा विधवेची स्थितीही याहून वेगळी नाही. नुकसान कसणाऱ्याचे झाले; मदतीचा हक्क मात्र कागदाचा ठरला.

म्हादईच्या पाण्यावरून आमचा त्या मुलखाशी वाद आहे आणि त्यात गोमंतकाची बाजू सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण या बाबतीत आमचे घर तरी कोठे शाकारलेले आहे? एक-चौदाच्या उताऱ्यावर नावांची रांग आणि शेतात राबणारा भलताच, हे दृश्य येथेही नवे नाही. कूळ-कायद्याखालील दावे पिढ्यान् पिढ्या रेंगाळत आहेत. उद्या पूर आला वा पीक बुडाले, तर भरपाईचा अर्ज कोणी करावयाचा?

यावर उपाय आहे. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद दर हंगामास व्हावी आणि तिच्यापासून मालकीचा वा कुळाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही, असे कायद्यानेच स्पष्ट करावे. आंध्र प्रदेशाने २०१९ साली अकरा महिन्यांच्या लेखी कराराचा असा मार्ग काढला. तथापि मालकाच्या संमतीवाचून तेथे पान हलत नाही, हे त्यातील वैगुण्य टाळून ग्रामपंचायतीच्या साक्षीने नोंद करता येईल.

हे काम संकट कोसळल्यावर करावयाचे नव्हे. ते शांततेच्या काळात, तलाठ्याच्या चावडीवर बसून करावयाचे आहे. महामारी सरली म्हणून तिने दाखविलेली उणीव विसरणे कोणत्याच राज्याला परवडणार नाही.