काटकसर खर्चात आणि उधारीतही

15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटण्यास आरंभ केला. भांडवल होते उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे ‘लिज्जत’ या नावाने घराघरांत पोहोचलेल्या या उद्योगाची पहिल्या वर्षाची विक्री अवघी 6,196 रुपये होती. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्या वर्षी चार महिने काम थांबले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. अडचण होती तेवढाच खर्च झाला आणि पावसाळ्यातही काम चालू राहिले.

बाहेरचा गुंतवणूकदार न घेता, बचतीवर आणि विक्रीच्या पैशावर उद्योग वाढविणे, यास आजची तरुण पिढी ‘बूटस्ट्रॅपिंग’ म्हणते. व्यापारी घरांना शब्द नवा असला तरी रीत परिचयाची आहे. मात्र या रीतीतील काटकसर बहुधा अर्धीच पाळली जाते. भाडे, छपाई, प्रवास यांत कपात होते आणि ग्राहक तुटू नये म्हणून उधारी मात्र सढळ हाताने दिली जाते.

याचा हिशेब सोपा आहे. दरमहा दोन लाख रुपये खर्चाचा माल विकणाऱ्यास 60 दिवसांनी पैसे मिळत असतील, तर त्याचे चार लाख रुपये सदैव बाजारात अडकून राहतात. वसुली 15 दिवसांवर आली, तर एकच लाख अडकतो. मोकळे झालेले तीन लाख हे बिनव्याजी भांडवलच होय. तेवढीच रक्कम 12 टक्के दराने कर्जाऊ घेतल्यास वर्षाला 36,000 रुपये व्याज पडेल. रोखीने घेणाऱ्यास एक-दोन टक्के सूट देण्यापूर्वी हे आकडे मांडून पाहावेत. आणि सूट दर फेरीला द्यावी लागते, हेही विसरू नये.

दुसरे पथ्य घराचे. एकल मालकीत व भागीदारीत उद्योगाच्या देण्याची जबाबदारी मालकाच्या खाजगी मालमत्तेपर्यंत पोहोचते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतही संचालकाने वैयक्तिक हमीवर सही केली, की ती भिंत ढासळते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि आरोग्यविमा यांची तरतूद आधी वेगळी करावी. उरलेल्यातून उद्योगाचे भांडवल ठरवावे. बँक खातीही स्वतंत्र असावीत. मालकाने महिन्याला ठरावीक रक्कमच उचलावी, गल्ल्यातून परस्पर नव्हे.

कर्ज त्याज्य नव्हे. हाती पक्की मागणी आहे, वसुली वेळेवर होते आणि केवळ यंत्राअभावी काम अडते, अशा वेळी घेतलेले कर्ज उद्योगास बळ देते. थकलेली उधारी भरून काढण्यासाठी घेतलेले कर्ज मात्र घरातील दागिन्यांपर्यंत येऊन थांबते. मुलाने नव्या उद्योगाचा आराखडा पुढे ठेवला, तर वडीलधाऱ्यांनी विक्रीच्या अंदाजापूर्वी एवढेच विचारावे: पैसे किती दिवसांनी हाती येणार?