स्वीरकाठी पुन्हा वसलेले गाव

सेंट पीटर्सबर्गहून मॉस्कोकडे निघालेली प्रवासी नौका लाडोगा सरोवर ओलांडून स्वीर नदीत शिरते. ओनेगा सरोवराचे पाणी लाडोगात आणणारी ही २२४ किलोमीटर लांबीची नदी. दोन्ही तीरांवर पाइन आणि बर्च वृक्षांची दाट राई. तीत मध्येच लाकडी ओंडक्यांची घरे दिसू लागतात. तेच मांद्रोगी.

हे गाव शतकानुशतके येथे उभे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ या काळात सोव्हिएत आणि फिनिश सैन्ये याच नदीवर समोरासमोर ठाकली होती. त्या युद्धात जुने मांद्रोगी नष्ट झाले आणि पुढे अर्धशतक ती जागा ओसाड राहिली. १९९६ मध्ये सेर्गेई गुत्साइत या उद्योजकाने गाव नव्याने वसविण्यास आरंभ केला. काही जुनी घरे अन्य खेड्यांतून आणून येथे पुन्हा जुळविली गेली.

गावाचा खरा प्राण म्हणजे कारागिरांची दालने. कोठे कुंभाराचे चाक, कोठे लोहाराचा भाता, कोठे हातमाग. सर्वाधिक गर्दी मात्र मात्र्योष्का बाहुल्यांपाशी. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी! लिंडेनचे लाकूड दीर्घकाळ वाळवून मगच कातावर चढवितात. सर्वांत लहान, न उघडणारी बाहुली आधी घडते. तिच्या मापावरून पुढच्या मोठ्या होत जातात. ही कला प्राचीन वाटते, परंतु पहिली मात्र्योष्का एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली आहे.

शाकाहारी प्रवाशांनी भोजनाची सूचना नौकेवर आधीच द्यावी. येथील भाजलेल्या पदार्थांत बहुधा अंडे असते, विचारूनच घ्यावे. व्होडकाचे संग्रहालय ओलांडून पुढे गेल्यास काहीही उणे भासत नाही.

परतताना एक शंका मनात राहते. जे गाव प्रवाशांसाठीच उभारले, ते खरे कसे म्हणावे? जुनी माणसे परत आली नाहीत, येणारही नाहीत. तथापि आपण व्यापारी माणसे. ग्राहक उरला नाही की हुन्नरही उरत नाही, हे आपण आपल्या बाजारपेठांत पाहिले आहे. येथे नौका थांबते, वस्तू विकली जाते, म्हणून कारागिराचा हात चालू राहतो. घरे नवी असतील; हातातली विद्या मात्र खरी आहे.