पंखातल्या तोफांचं ओझं

बिरसीची धावपट्टी आज गोंदियाची. १९९९ साली जिल्हा फुटेपर्यंत ती आमच्या भंडाऱ्यात होती. इंग्रजांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. त्या काळी लढाऊ विमानाच्या पंखात काय नि किती भरायचं, यावर मोठा खल चाले.

सुरुवातीच्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या दोन्ही पंखांत चार-चार ब्राउनिंग मशिनगन असत. धूळ आणि गारठा आत शिरू नये म्हणून त्यांच्या तोंडांवर लाल कापडाच्या पट्ट्या चिकटवत. विमान उतरलं की जमिनीवरची माणसं आधी त्या पट्ट्या बघत. फाटलेल्या दिसल्या की समजायचं, गोळीबार झालाय. सगळा साठा पंधराएक सेकंदांत संपे. पुढे बंदुका बारा झाल्या, मग त्यांच्या जागी २० मिमीच्या चार हिस्पानो तोफा आल्या. ब्राउनिंग दहाएक किलोची, हिस्पानो पन्नासची. मारा जबर झाला, पण विमान वर चढायला कुंथू लागलं. पंखात लांब बसवलेल्या वजनामुळे कूस पालटायलाही वेळ लागे. म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर बऱ्याच हरिकेनमधल्या दोन तोफा सरळ उतरवल्या. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या एक नंबर स्क्वाड्रनकडे हरिकेनच होती आणि काम मुख्यतः टेहळणीचं. तिथे दोन तोफा कमी असलेल्या बऱ्या, असं मलाही वाटतं.

जेटच्या काळात पंख पातळ झाले, तोफा त्यांत मावेनात. १९६५चं युद्ध गाजवणाऱ्या नॅटच्या ३० मिमीच्या दोन्ही तोफा हवा आत घेणाऱ्या तोंडांशेजारी, धडातच होत्या. त्या ऐन वेळी अडकत, ही तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. ओझरला जुळणी झालेल्या मिग-२१ एफएलमध्ये तर आतली तोफच नव्हती. सगळी भिस्त दोन क्षेपणास्त्रांवर. मग पोटाखाली २३ मिमीच्या तोफेचा डबा टांगला गेला. तो लावला की तिथली जादा इंधनाची टाकी गेली! १९७१च्या युद्धात वैमानिक ती तोफ घेऊनही लढले.

नॅटवरून बंगळुरूत घडवलेल्या अजितमध्ये इंधनच पंखात भरलं. त्यामुळे टाक्यांनी अडवलेल्या पंखाखालच्या जागा बॉम्ब आणि रॉकेटांना मोकळ्या झाल्या.