मनोरुग्णांना उन्हाळा अधिक का बाधतो?

२०२१च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भीषण लाट आली. लिटन गावात पारा ४९.६ अंश सेल्सिअसवर गेला. या लाटेत ६१९ जण दगावले. त्यातल्या ९८ टक्के लोकांना उष्माघात उन्हात नव्हे, चार भिंतींच्या आत झाला होता. निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते. संशोधकांनी मृतांचे जुने आजार तपासले, तेव्हा हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकारांपेक्षाही स्किझोफ्रेनियाचा संबंध जास्त ठळक दिसला. या रुग्णांना मृत्यूचा धोका जवळपास तिप्पट होता.

याचे एक कारण औषधांत आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्याचे काम मेंदूतला हायपोथॅलॅमस करतो. स्किझोफ्रेनियावरची अँटिसायकोटिक औषधे या नियंत्रणात अडथळा आणू शकतात. त्या औषधांमुळे हातपाय थरथरले किंवा ताठरले, तर ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी देतात; तिने घाम कमी येतो आणि घाम आला नाही, की अंग थंड होत नाही. बायपोलर आजारावरच्या लिथियमचा धोका वेगळा. घामावाटे पाणी आणि मीठ गेले, की मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात. मग नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो.

दुसरे कारण आजारातच आहे. कोणी भीतीपोटी दारे-खिडक्या बंद करून बसतो, कोणी भर मे महिन्यात स्वेटर घालतो. तीव्र नैराश्यात उठून पाणी पिण्याचेही त्राण उरत नाही. अनेकांना आपले अंग तापले आहे हे जाणवत नाही आणि जाणवले तरी सांगता येत नाही.

थंडीतही तापमानाचे हे नियंत्रण बिघडू शकते. अँटिसायकोटिक औषधांमुळे कातडीतल्या रक्तवाहिन्या पुरेशा आकसत नाहीत, हुडहुडी कमी भरते आणि शरीरातली ऊब निघून जाते. औषध नव्याने सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर सुरुवातीचे दिवस विशेष जपायचे. दारूने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण उष्णता उलट वेगाने बाहेर पडते. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर जिवाला धोका असतो.

म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या का? मुळीच नाही. औषध अचानक सोडले, तर आजार उलटतो. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून डोस आणि लिथियमची रक्तपातळी तपासून घ्यावी. पाणी समोर ठेवून भागत नाही, ते प्यायले का हे पाहावे लागते. उलट्या, जुलाब, वाढलेली थरथर, तोल जाणे ही लिथियम वाढल्याची लक्षणे असू शकतात. अंग तापलेले आणि माणूस बरळतोय, तर ‘आजार वाढला’ असे समजून थांबू नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि १०८ला फोन करा. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

विदर्भात पारा दर वर्षी पंचेचाळिशीला भिडतो. तिथल्या प्रत्येक गावाने, प्रत्येक वॉर्डाने एकट्या राहणाऱ्या मनोरुग्णांची यादी उन्हाळ्याआधी करावी आणि लाटेच्या दिवसांत रोज कोणी तरी त्यांच्या दारी जावे. ज्याला मदत मागता येत नाही, त्याच्याकडे आपणच जायला हवे.