दुपारीच जावं असं चायनीज

हाँगकाँगच्या एखाद्या बड्या हॉटेलात चायनीज जेवायचं ठरलं की आपली मंडळी हमखास रात्रीचं टेबल मागतात. खिडकीतून व्हिक्टोरिया हार्बरचे दिवे दिसावेत, फोटो झकास यावेत, हा हिशेब. दिवे दिसतात, जेवणही चांगलं मिळतं. पण हे शहर ज्यावर जीव टाकतं, ते छोट्या टोपल्यांतून येणारं डिमसम त्या वेळी मेनूकार्डावर बहुधा नसतंच. उंची कँटनी रेस्टॉरंटांत डिमसम हे दिवसाउजेडी खायचं. साडेअकरा-बाराला सुरू होतं, अडीच-तीनला आटोपतं. ते वळणारे कारागीर पहाटेपासून ओट्याशी उभे असतात आणि संध्याकाळी घरी जातात. म्हणून माझं मत ठाम आहे: खिशाला एकदाच चाट बसणार असेल, तर ती दुपारी बसू द्यावी.

जाण्याआधी जिभेची थोडी समजूत घालावी लागते. आपल्याकडे चायनीज म्हटलं की डोळ्यांपुढे लाल रंग येतो. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि सिचुआन प्रांताच्या तिखटाशी शहराची ओळख झाली. दोनेक वर्षांत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी चिकन मंच्युरियन केलं, असं सांगतात. तिथून शेजवान चटणी गल्लीतल्या गाडीपर्यंत कशी पोचली हा वेगळ्या लेखाचा ऐवज आहे. हाँगकाँगचं जेवण मात्र कँटनी, आणि कँटनचा, म्हणजे आजच्या ग्वांगजोचा, मुलूख सिचुआनपासून फार लांब. मोती नदीचं खोरं, समोर समुद्र, वर्षभर भाजी आणि जिवंत मासळी. इथल्या स्वयंपाक्याला मसाल्याची भीतीच वाटते म्हणा ना: मसाला जास्त पडला म्हणजे माल शिळा होता, अशी शंका गिऱ्हाईक घेतं. मिरची मागितली तर छोट्या बशीत मिळते. मागावी, पण पहिल्या तीन टोपल्या तिच्याविना खाव्यात.

टेबलावर बसल्या बसल्या विचारतात ते चहाचं. या सगळ्या प्रकाराला कँटनी लोक ‘यम चा’ म्हणतात, म्हणजे चहापान. खाणं हे चहाच्या जोडीला. जुन्या चहाघरांत म्हाताऱ्यांचा नेम म्हणजे एक पेला चहा, दोन टोपल्या आणि वर्तमानपत्र. पु-अर हा मुरवलेला, गडद, मातकट वासाचा चहा तेलकट पदार्थांवर उतारा म्हणून चालतो; त्यात शेवंतीची वाळलेली फुलं घालून घेण्याचीही पद्धत आहे. हलकं हवं असेल तर जाईच्या वासाचा, जरा भारदस्त हवा असेल तर ते-ग्वान-यिन. दूध-साखर विसरायची. किटली रिकामी झाली की हाका मारायच्या नाहीत. झाकण तिरकं करून ठेवलं की वेटरला कळतं आणि गरम पाणी येतं. दुसऱ्यानं आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची. ते आभार. यामागे सम्राट चियनलुंगची गोष्ट सांगतात: तो वेषांतर करून दक्षिणेत हिंडत असताना त्यानं स्वतःच्या हातानं नोकरांना चहा ओतला. चारचौघांत लोटांगण घालावं तर राजाचं बिंग फुटेल, म्हणून नोकरांनी बोटांनाच गुडघे टेकायला लावले. चियनलुंगनं दक्षिणेचे सहा दौरे केले हे खरं. पण ते सुजो-हांगजोच्या बाजूचे, कँटनकडचे नव्हेत. गोष्ट गोड आहे, तेवढं पुरे.

आता हार गाव. कोळंबीची ही पारदर्शक करंजीवजा पुडी म्हणजे कँटनी स्वयंपाकघराची परीक्षाच. जाणकार पहिल्यांदा हीच मागवतात आणि पुढचं काय मागवायचं ते तिच्यावरून ठरवतात. अशी पुडी वळताना एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात उभं राहून पाहायला मिळालं, तेव्हा कोकणातल्या कुठल्याही आजीला तिथे उभं केलं असतं तर तिनं पदर खोचून ओटा ताब्यात घेतला असता, असं वाटलं. कारण उकड तीच. फक्त पीठ तांदळाचं नसून गव्हाच्या चिकाचं, कुरडईसाठी आपण काढतो तो चीक वाळवून केलेलं. त्यावर कढत पाणी ओतायचं, झाकून दडपून ठेवायचं, मग त्यात टॅपिओकाचा स्टार्च आणि चरबी घालून मळायचं. मोदकाची पारी बोटांनी होते. इथे एक रुंद सुरा असतो, धार नसलेला. त्याच्या पात्याला तेलाचा हात लावतात, पिठाची गोळी ओट्यावर ठेवतात आणि पातं दाबून एकदा गोल फिरवतात. कागदासारखी चकती तयार. त्यात कोळंबी आणि बांबूच्या कोंबांचे कण ठेवून एकाच बाजूनं कळ्या पाडत जायचं. दुसरी बाजू सपाट. किमान सात कळ्या तरी हव्यात, चांगल्या हाताच्या दहा किंवा त्याहून जास्त पडतात. सगळ्याला लागतात काही सेकंद, आणि मी पाहिलेला तो कारागीर शेजाऱ्याशी गप्पा मारत होता.

परीक्षा कशी करायची? काडीनं उचलताना पारी टोपलीच्या तळाला चिकटता कामा नये. उचलल्यावर फाटता कामा नये. कळ्यांची गाठ दाताखाली कच्ची लागता कामा नये. आणि आतली कोळंबी कटकन तुटली पाहिजे, पिठूळ होऊन पसरता कामा नये. हा कटकनपणा आपोआप येत नाही. कोळंबी मिठानं चोळून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतात. गाडीवरच्या आणि हॉटेलातल्या हार गावमध्ये फरक असतो तो याच ठिकाणी. महागड्या टेबलावर तुम्ही पैसे मोजता ते चवीचे नाहीतच, ते मनगटाचे असतात. चव तर साध्या चहाघरातही मिळते.

हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या टोपल्याही वाचता येतात. सिउ माय ही पुडी वरून उघडी ठेवतात. चार सिउ बाव या पांढऱ्या पावाचं डोकं वाफेत आपोआप उकलतं, आतलं गोडसर भाजकं डुकराचं मांस दिसतं. पिठात बेकिंग पावडरबरोबर अमोनियम बायकार्बोनेट घालतात त्याची ही करामत. चँग फन म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली चादर, गुंडाळी करून वर गोडूस सोया सॉस. अळकुडीची तळलेली वू गोक मात्र जरूर मागवा: उकडून कुस्करलेल्या अळकुडीच्या पारीला तेलात पडताच जाळी फुटते, आणि तेल थोडं कमी-जास्त तापलं तर ती जाळी कढईतच विरघळून जाते. कोंबडीच्या पायांबद्दल मी आग्रह धरत नाही. तळून, भिजवून, मुरवून, मग वाफवून ते मऊ होतात; कातडी चोखायची, हाडं बशीत काढायची. ज्याला जमलं त्याला जमलं.

मागवण्यालाही क्रम आहे. वाफवलेलं आधी, तळलेलं मागून, भात-नूडल्स अगदी शेवटी. पोटात राहिलेल्या फटी बुजवण्यापुरता भात. आपण आधी फ्राइड राइस मागवतो तेव्हा वेटर काही बोलत नाही, एवढंच. पेकिंग डक हा बीजिंगचा मानकरी. तिथलं ‘च्वानज्युद’ हे बदकाचं दुकान १८६४ पासूनचं. हाँगकाँगातही छान मिळतं, पण डिमसमच्या दुपारी बदक मागवणं म्हणजे दोन्हींवर अन्याय.

पूर्वी या टोपल्या ढकलगाडीवरून टेबलांमधून फिरायच्या. बायका पदार्थांची नावं पुकारत यायच्या, तुम्ही बोट दाखवायचं. सिटी हॉलमधल्या ‘मॅक्सिम्स पॅलेस’सारख्या काही ठिकाणी ही मजा अजून टिकून आहे. १९३३ पासूनचं ‘लुक यू’ हे चहाघर आपल्या लाकडी कप्प्यांसह उभं आहे, आणि तिथल्या वेटरांच्या तुटकपणाचीही परंपरा सांगतात. उंची रेस्टॉरंटांनी गाडी केव्हाच हद्दपार केली. गाडीवर फिरताना पारी सुकते; इथे कार्डावर खूण करायची आणि टोपली तुमच्यासाठी वाफेवर चढते.

या कलेला परदेशी शिक्का मिळाला तो उशिरा. मिशलिनची हाँगकाँग-मकावची पहिली पुस्तिका २००९ सालची. तीत फोर सीझन्स हॉटेलातल्या ‘लुंग किंग हीन’ला तीन तारे मिळाले. चिनी रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ, आणि तिथले शेफ चान यान-ताक हे असा मान मिळवणारे पहिले चिनी शेफ. मला त्यापेक्षा पुढची हकिकत आवडते. तिथेच डिमसम करणारे माक क्वाय-पुइ बाहेर पडले आणि त्यांनी त्याच वर्षी माँग कॉकच्या गर्दीत ‘टिम हो वान’ नावाचं जेमतेम वीस खुर्च्यांचं दुकान काढलं. पुढच्याच पुस्तिकेत त्याला एक तारा मिळाला आणि रस्त्यावर तासन्‌तास रांगा लागल्या. मनगट तेच होतं, वरचा झुंबरांचा खर्च वगळलेला.

मग उंची रेस्टॉरंटात आणखी कशाचे पैसे घेतात? मेनूकार्डाच्या सगळ्यांत महागड्या पानावर बहुतेक सुकवलेल्या समुद्री वस्तू असतात: अ‍ॅबलोन नावाची समुद्री गोगलगाय, सी कुकुंबर, माशाची हवेची पिशवी. एकेकाला भिजवायलाच दिवस लागतात. यातल्या शेवटच्या दोन्हींना स्वतःची चव जवळजवळ नसते. मोल असतं ते दाताखाली काय जाणवतं त्याचं, आणि रस्सा शोषून घेण्याचं. आपण चवीला पैसे मोजणारी माणसं, त्यामुळे इथे पुष्कळ भारतीय जिभा बुचकळ्यात पडतात. पण या पानाचा एक धागा पालघरच्या किनाऱ्यापर्यंत येतो. घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून पूर्व आशियात जाते. २०२१ साली मुरबे गावच्या मच्छीमारांना एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली, ती माशाच्या मांसापेक्षा या पिशवीमुळे. याच पानावर पूर्वी शार्कच्या परांचं सूप मिरवायचं. ते मागवू नये, असं मी स्पष्ट सांगतो. १९२८ पासून चालणाऱ्या पेनिन्सुला हॉटेलनं ते १ जानेवारी २०१२ पासून वाढणं बंद केलं. त्यापेक्षा एक्सओ सॉस चाखा. १९८०च्या दशकात हाँगकाँगात जन्मलेला हा सॉस सुकवलेले स्कॅलप, सोडे, हॅम आणि मिरचीचा. नावात उंची ब्रँडी, आत तिचा थेंब नाही. सोडे घालून केलेलं काहीही कोकणी माणसाला परकं वाटत नाही.

शाकाहारी पाहुण्यानं मात्र सावध राहावं. पारीत डुकराची चरबी असू शकते, मुळ्याच्या खमंग वड्यांत सुकी कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे असतात, आणि ‘भाजी’ म्हणून आलेल्या हिरव्यागार पानांवर ऑयस्टर सॉस ओतलेला असतो. टेबल ठरवतानाच सांगावं, आणि ‘बौद्ध पद्धतीचं शाकाहारी’ हे शब्द वापरावेत. त्या स्वयंपाकात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे चातुर्मासवाल्यांचीही सोय होते. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पंधराव्या दिवशी असं जेवणारे हाँगकाँगात पुष्कळ, म्हणून मोठ्या स्वयंपाकघरांना ते नवं नसतं. चौदा-पंधरा जिन्नसांची ‘अर्हतांची भाजी’ चांगल्या हातची असेल तर मांसाहारीही वाटी पुढे करतात.

टेबल आठवडे आधी ठरवावं लागतं. रविवार शक्यतो टाळावा, त्या दिवशी तीन-तीन पिढ्या गोल टेबलांभोवती बसलेल्या असतात. दाराकडे तोंड असलेली खुर्ची यजमानाची किंवा सगळ्यांत मानाच्या पाहुण्याची, तिथे आपण होऊन बसू नये. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, ते मृतापुढे उदबत्ती लावल्यासारखं दिसतं. बिलात चहाचे दर माणशी पैसे वेगळे लागतात, वर १० टक्के सेवाशुल्क. विक्रीकर मात्र हाँगकाँगात नाही. दुपारचा ठरावीक मेनू रात्रीच्या मानानं बराच स्वस्त पडतो, हा आणखी एक मुद्दा माझ्या बाजूचा.

शेवटी गोड. आंबा, पोमेलोच्या, म्हणजे पपनसाच्या, पाकळ्यांचे मोकळे दाणे, साबुदाणा आणि नारळाचं दूध यांचं गार मिश्रण ‘लेइ गार्डन’ या रेस्टॉरंटानं १९८४ साली काढलं, ते आता सगळीकडे मिळतं. आंबा बहुधा फिलिपिन्सचा असतो. हापूसची तुलना टेबलावर सुरू करू नये. पोमेलोच्या किंचित कडूपणापुढे हापूस कदाचित जास्तच गोड झाला असता, हे रत्नागिरीत बोलायची माझी तयारी नाही.