मुलाखतीआधीचे तीन आठवडे

गेल्या वर्षी ऐन आषाढात, एका भिजल्या संध्याकाळी, माझा भाचा दारात छत्री टेकवून आत आला आणि न बोलता त्याने भ्रमणध्वनीवर आलेले एक पत्र माझ्यासमोर धरले. इंदूरहून काही तासांच्या अंतरावर असलेल्या एका शहरातील जुन्या क्लबाने व्यवस्थापकाच्या जागेसाठी त्याला मुलाखतीस बोलावले होते. तारखेला बरोबर तीन आठवडे उरले होते. "मामा, या वेळी तयारी तुम्ही करून घ्या. मागच्यासारखे व्हायला नको," एवढेच तो म्हणाला.

त्याच्या या शब्दांमागे मोठा इतिहास होता. बेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन सोळा वर्षे त्या व्यवसायात राबला. २०२० च्या महामारीत त्याचे हॉटेल बंद पडले ते पुन्हा उघडलेच नाही. त्यानंतर एका रुग्णालयाच्या उपाहारगृहावर निम्म्या पगारात देखरेख करणे त्याच्या नशिबी आले. घरात दहावीतील मुलगी, घराचे हप्ते आणि वयोवृद्ध आई. ती आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताईला ही बातमी कळताच तिने कपाळाला हात लावला. "क्लब म्हणजे पत्ते, दारू आणि रात्रीची जागरणे! आपल्या घरात असली नोकरी कोणी केली आहे का रे?"

ताईचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. होळकर-शिंद्यांच्या राज्यात आपले पूर्वज आले ते बहुतेक लेखणीच्या नाहीतर तलवारीच्या बळावर. दफ्तर, शाळा, न्यायालय आणि पुढे बँक, या चार खांबांवर आपली घरे उभी राहिली. खानपानाच्या व्यवसायात शिरणे म्हणजे जणू पायरी उतरणे, ही समजूत अजून आपल्या ओसरीवरून गेलेली नाही. मी ताईला म्हटले, "ताई, शंभर माणसांचे जेवण, चाळीस नोकरांचे पगार आणि लाखोंचा हिशेब जो सचोटीने सांभाळतो, तो मुख्याध्यापकाहून कमी कसा?" ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भाच्याच्या मुलाखतीचा सदरा तिनेच इस्त्रीला पाठवला.

आता मागच्या वेळी काय घडले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका क्लबात त्याची मुलाखत झाली होती. अवघ्या बारा मिनिटांत तो बाहेर आला. "क्लब आणि हॉटेल यांत फरक काय?" असे विचारताच याने ठरावीक उत्तर दिले, की ग्राहक हा राजा असतो. समोरचे एक वृद्ध सभासद हसून म्हणाले, "अहो, इथे ग्राहक कोणीच नाही." तिथेच सारे संपले.

त्या वृद्ध गृहस्थांचे वाक्य आम्ही पहिल्या आठवड्याचा धडा म्हणून घेतले. सभासदांच्या क्लबात जेवणारा तोच मालक असतो. तोच वर्गणी भरतो, तोच मत देतो आणि तोच तक्रार करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कलकत्ता क्लबाच्या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरले: सभासदांनीच सभासदांसाठी चालवलेल्या क्लबाने त्यांना काही पुरवले, तर ती विक्री ठरत नाही. पुढे २०२१ च्या वित्त कायद्याने वस्तू व सेवा कराच्या कायद्यात दुरुस्ती करून क्लब आणि सभासद यांना करापुरते दोन निराळ्या व्यक्ती मानले, आणि तेही १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. व्यवस्थापकाला वकील होण्याची गरज नाही. पण हा वाद कशाचा, एवढे त्याला ठाऊक असले पाहिजे.

इतिहासही थोडा वाचला. कलकत्त्याचा बेंगाल क्लब १८२७ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा. या संस्था गोऱ्या साहेबांच्या सोयीसाठी जन्मल्या. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना उभा राहिला, १९०७ मध्ये कलकत्ता क्लब निघाला, आणि आपल्या इंदुरात १९३४ मध्ये होळकरांच्या आश्रयाने यशवंत क्लब स्थापन झाला. हे सनावळीसाठी पाठ करायचे नव्हते. जुन्या क्लबाचे सभासद आपल्या संस्थेकडे वडिलोपार्जित वाड्याप्रमाणे पाहतात. भिंतीवरची तसबीर हलवली तरी त्यांना दुखते. नव्या व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी 'मी सारे बदलून टाकीन' म्हटले, तर त्याची गाडी तिथेच अडते.

भाच्याने क्लबाच्या चिटणिसांना रीतसर विनंती करून नियमावली आणि गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागवले. ते त्यांनी पाठवले, हीच मला अर्धी मुलाखत वाटली. अहवालांतून तीन गोष्टी निघाल्या: सभासदांकडील थकबाकी दर वर्षी वाढत होती, भटारखान्याचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने चढत होता, आणि कार्यकारिणी दर वर्षी बदलत होती. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समिती येते आणि जाते, व्यवस्थापक राहतो. म्हणून त्याने कोणत्याही एका गटाचा होता कामा नये. शाळेत संस्थाचालक बदलतात, निरीक्षक बदलतात, पण हजेरीपट तोच राहतो, हे मी त्याला माझ्या अनुभवावरून सांगितले.

दुसरा आठवडा आकड्यांचा. बँकेतून निवृत्त झालेले माझे एक स्नेही रोज संध्याकाळी येऊन बसत. त्यांनी एक साधे गणित घातले. महिन्याच्या आरंभी कोठीत ८०,००० रुपयांचा माल, महिन्यात खरेदी ४,२०,०००, अखेरीस शिल्लक ६०,०००. म्हणजे वापर ४,४०,००० रुपयांचा. खानपानाचे उत्पन्न ११,००,००० असेल तर मालाचा खर्च शेकडा ४० झाला. हॉटेलात हा आकडा तिशीच्या घरात ठेवण्याची धडपड असते. क्लबात दर मुद्दाम कमी ठेवलेले असल्याने तो अधिक असणे हा दोष नव्हे. परंतु दर तेच असताना तो ४० वरून ४६ वर गेला, तर महिन्याला ६६,००० रुपये कुठेतरी गळत आहेत असे समजावे. मग वजनकाटा तपासायचा, न सही केलेल्या चिठ्ठ्या शोधायच्या, आणि कोठीची किल्ली कोणाकोणाकडे असते ते पाहायचे.

याच आठवड्यात कायद्याची उजळणी झाली. अन्न परवाना दिसेल अशा जागी लावलेला हवा. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे शेकडा २५ च्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. वीस किंवा अधिक असतील तर भविष्यनिर्वाह निधी. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा, आणि तलाव उघडा असेल तोपर्यंत जीवरक्षक काठावर हवा. ताई दारातून हे ऐकत होती. "एवढे सगळे असते होय?" ती हळूच म्हणाली.

मुलाखतीच्या दहा दिवस आधी भाचा चिटणिसांच्या परवानगीने क्लब बाहेरून-आतून पाहून आला. अग्निशामक नळकांड्यांवरील तपासणीची तारीख उलटून गेली होती, आणि तलावाच्या फलकावर जीवरक्षकाच्या वेळा नव्हत्या. तो उत्साहाने म्हणाला, "मामा, हेच मुलाखतीत सांगतो!" मी त्याला थांबवले. पाहुण्याने यजमानाच्या घरातील कोळिष्टके मोजू नयेत. 'पहिल्या महिन्यात सुरक्षिततेची संपूर्ण तपासणी करून तिचा लेखी अहवाल समितीपुढे ठेवीन,' एवढे म्हणावे. ज्यांना कळायचे त्यांना कळते.

तिसऱ्या आठवड्यातील रविवारी आमच्या बैठकीत लुटुपुटीची मुलाखत झाली. बँकेचे स्नेही, आमच्या मंडळाचे एक जुने कार्यवाह आणि माझी पत्नी असे परीक्षक होते. पत्नीचाच प्रश्न सर्वांत अवघड निघाला. "रात्री साडेअकराला एक वजनदार सभासद लहान मुलांसह आले. भटारखाना बंद झाला आहे. काय कराल?" भाचा म्हणाला, "आचाऱ्याला उठवून जेवण करवीन." "मग उद्या दुसऱ्या सभासदासाठीही उठवाल?" तो गप्प झाला. बऱ्याच चर्चेनंतर उत्तर ठरले: मुलांसाठी दूध, पाव, अंडी अशी जी तयारी नियमात बसते ती तत्काळ द्यावी, पूर्ण जेवणाला नम्रपणे नकार द्यावा, आणि घडले ते सकाळी नोंदवहीत लिहावे. नियम सर्वांना सारखा, पण भुकेलेले मूल परत जाऊ नये.

भाषेचाही प्रश्न होता. आपली हिंदी मराठी वळणाची, आणि घाईत तर ती अधिकच मराठी होते. मी त्याला सांगितले, "वळण लपवू नकोस, वेग कमी कर."

आणि मग मुलाखतीच्या दोन दिवस आधी ती घटना घडली. भाच्याला एका अपरिचित गृहस्थाचा दूरध्वनी आला. आवाज गोड होता. आपण समितीतील एकाच्या जवळचे आहोत, मत तुमच्याच बाजूने पडेल, फक्त किराणा मालाचा सध्याचा पुरवठादार बदलू नका, एवढेच तो म्हणाला. त्या रात्री भाचा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मामा, हो म्हटले तर नोकरी पदरात पडेल. मुलीचे पुढचे शिक्षण आहे."

मी शिक्षक, उपदेश करणे हा माझा धंदाच. पण त्या क्षणी उपदेश सुचेना. ज्याच्या घरात हप्ता थकला आहे त्याला सचोटी शिकवणे सोपे नसते. मी इतकेच विचारले, "शेकडा ४६ चा आकडा समितीपुढे आला, तर तू काय उत्तर देशील?" तो बराच वेळ पावसाकडे पाहत बसला. मग त्या गृहस्थाला दूरध्वनी करून म्हणाला, "पुरवठादाराबाबत समिती ठरवील त्याप्रमाणे मी करीन." पलीकडून दूरध्वनी ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

मुलाखत पन्नास मिनिटे चालली. "आधीची नोकरी का सुटली?" या प्रश्नाला त्याने महामारी आणि रुग्णालयातील निम्मा पगार, दोन्ही न लपवता सांगितले. खरेदीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "तीन दरपत्रके, लेखी तुलना, निर्णय समितीचा, माल घेताना वजन माझ्यासमोर." समोरच्या पाचांपैकी एकाने मान खाली घातली, बाकीच्यांनी लिहून घेतले.

उत्तर यायला सव्वीस दिवस लागले. त्या दिवसांत आम्ही कोणी त्या विषयाचे नावही काढले नाही. अखेर नेमणुकीचे पत्र आले. सहा महिने परिवीक्षेचे, पगार त्याने मागितल्यापेक्षा कमी, राहायला आवारातच दोन खोल्या. पाच मतांपैकी तीन त्याच्या बाजूची होती, हे नंतर कळले.

नोकरी मिळाली नसती तर मी हा लेख लिहिला असता का, असे कोणी विचारील. प्रामाणिकपणे सांगायचे तर कदाचित नसता लिहिला. पण ते तीन आठवडे तेव्हाही वाया गेले नसते. आपल्या घराघरांत असे चाळिशीतले मुलगे-मुली आहेत, ज्यांची पहिली वाट बंद झाली आहे. त्यांना 'काळजी करू नकोस' म्हणण्यापेक्षा रोज संध्याकाळी एक तास समोर बसून प्रश्न विचारावेत. त्याला पैसा लागत नाही.

गेल्या दिवाळीत ताई मुलाकडे राहून आली. क्लब कसा आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "पत्ते खेळतात खरे. पण रात्री दहाला हा स्वतः जाऊन कोठीला कुलूप लावतो आणि किल्ली उशाशी घेऊन झोपतो. आपले बाबा कचेरीची किल्ली ठेवीत ना, तशी."