लॅपटॉप सुरू होईना तेव्हा

भिंतीवरचे घड्याळ थांबले, तर आपण प्रथम किल्ली देऊन पाहतो. घड्याळ गेले असे लगेच म्हणत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपला धीर लवकर सुटतो. बटण दाबावे आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटावीत, की हिशेब, टिपणे, छायाचित्रे सारे बुडाले असे वाटू लागते. वस्तुतः पुष्कळदा दोष असतो तो केवळ बॅटरीचा.

अनेक लॅपटॉपमध्ये बॅटऱ्या दोन असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. एक मोठी, लिथियम-आयन जातीची. यंत्र चालते ते तिच्यावर. दुसरी नाण्याएवढी, बहुधा ३ व्होल्टची. यंत्र बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे आणि, विशेषतः जुन्या यंत्रांत, मूळ मांडणीची नोंद जपणे हे तिचे काम. काही नव्या यंत्रांत ही धाकटी नसते. तिचे कामही थोरलीच करते.

धाकटी क्षीण झाली, की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि ‘तारीख व वेळ ठरवा’ अशी सूचना येते. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीची असल्यामुळे तीही मग अग्राह्य ठरतात, आणि आपण दोष देतो इंटरनेटला! कधी ‘सुरू करण्याजोगे साधन नाही’ असाही संदेश दिसतो. आपला संग्रह कोठे आहे, एवढेच यंत्र अशा वेळी विसरलेले असते; संग्रह जागच्या जागी असतो, कारण तो टिकण्यास विजेची गरज नसते. म्हणून घाईने सारे पुसून नव्याने मांडणी करू नये. तारीख लावावी, रात्रभर यंत्र बंद ठेवावे. सकाळी ती पुन्हा चुकली, तर धाकटी बॅटरी बदलून घ्यावी.

थोरलीचे दुखणे निराळे. वयाबरोबर तिचा अंतर्गत रोध वाढतो. सुरू होताना यंत्र एकदम पुष्कळ वीज मागते. त्या ओढीने व्होल्टेज खाली येते आणि दिवा क्षणभर लागून विझतो. अशा वेळी चार्जर जोडून अर्धा तास वाट पाहावी. तरीही यश न आले आणि बॅटरी बाहेरून काढता येण्याजोगी असली, तर चार्जर दूर करून ती काढावी, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि मग केवळ चार्जरवर यंत्र चालवून पाहावे. चालले, तर दोष बॅटरीचा. न चालले, तर चार्जर वा अन्य भाग तपासावा.

एका प्रसंगी मात्र कोणताही प्रयोग करू नये. कळफलक वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. आत वायू साठलेला असतो. दाबल्यास वा टोचल्यास ती पेट घेते. चार्जर तात्काळ काढावा, यंत्र बंद करावे आणि जाणत्या कारागिराकडे सोपवावे. अशी बॅटरी घरच्या केरात टाकू नये. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, की समाधान मानून लगेच नेहमीच्या कामाला लागू नये. प्रथम महत्त्वाच्या कागदांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. बॅटरी बाजारात मिळते. हरवलेले छायाचित्र मिळत नाही.